‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून गप्प बसू नकोस

पत्र :

डॉक्टर ताई, माझं वय २८. पहिलीच खेप आहे, आठवा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत ठोके दिसले, सगळं ठीक आहे असं सांगितलं. पण मी ठीक नाही. सकाळी डोळे उघडले की मळमळ सुरू होते ती रात्री झोप लागेपर्यंत. दिवसातून तीन-चार उलट्या होतात, दात घासताना तर हमखास. नवऱ्याच्या साबणाचा वाससुद्धा सहन होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास ऑफिसात डोळे मिटायला लागतात, मग बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहते. तिथं अजून कुणाला सांगितलेलं नाही. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. डॉक्टरांनी उलटीवर गोळी लिहून दिली, पण बाळाला काही होईल या भीतीने पाकीट उघडलंच नाही. घरात म्हणतात, ‘सगळ्यांनाच होतं, बाळ चांगलं वाढतंय याचीच ती खूण.’ मागच्या शनिवारी दिवसभर बरं वाटलं, तर बाळाला काही झालं की काय म्हणून रडत बसले. खाल्लेलं पोटात राहत नाही, मग त्याचं पोषण कसं होत असेल? या दिवसांत आनंद व्हायला हवा ना? तो होत नाही याची लाज वाटते. नवरा रोज विचारतो, मी काय करू? त्याला काय सांगायचं तेही कळत नाही.

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या न उघडलेल्या पाकिटापाशी अडले. एवढी मळमळ, एवढा थकवा, वर नोकरी आणि मनातली भीती. आणि आराम देऊ शकेल अशी एक गोष्ट घरात असून तू तिला हात लावलेला नाहीस. का, ते मला कळतं. मीही तेच केलं होतं.

माझ्या पहिल्या खेपेला मी निवासी डॉक्टर होते. दिवसभर गरोदर बायकांना तपासायचे, त्यांना उलटीच्या गोळ्या लिहून द्यायचे, आणि स्वतः एकही घ्यायची नाही. ज्यांना मी दाखवत होते त्या वरिष्ठांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, ‘अगं, होतंच ते सगळ्यांना.’ त्यानंतर पुन्हा तक्रार करायला माझी जीभ रेटली नाही. नवव्या आठवड्यात मला साध्या पाण्यालाही वास येतोय असं वाटायला लागलं आणि मी पाणी पिणंच सोडलं. एकदा रात्रपाळी संपवून जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी मी पायरीवरच बसले. कुणीतरी धरून आत नेलं, सलाईन लावलं. सुई लावता लावता सिस्टरने विचारलं, ‘मॅडम, शेवटची लघवी कधी झाली?’ मला आठवेना. हाच प्रश्न मी रोज दहाजणींना विचारत होते.

म्हणून तुला सगळ्यात आधी हे सांगते : ‘सगळ्यांना होतं’ हे खरं असलं तरी ‘त्यावर काही करायचं नसतं’ असा त्याचा अर्थ होत नाही. दहापैकी सात-आठ जणींना पहिल्या तिमाहीत मळमळ होते. त्यातल्या काहींचं थोडक्यात भागतं, काहींचे डोहाळे कडक असतात. कडक डोहाळे निमूटपणे सोसल्याने बाळाला काडीचाही फायदा होत नाही. तू जितकी थकशील, जितकी कोरडी पडशील, तितकं तुझंच नुकसान.

आता त्या पाकिटाबद्दल. गरोदरपणात औषध म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि या भीतीला जुना आणि खरा इतिहास आहे. थॅलिडोमाइड नावाचं औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. झोपेसाठी आणि गरोदर बायकांच्या मळमळीसाठी ते अनेक देशांत दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं तोवर हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली होती. जगभर औषधांच्या चाचण्यांचे नियम त्यानंतर कडक झाले. ती दहशत मात्र नंतरच्या पिढ्यांच्या बायकांच्या मनात उतरली, आणि त्यात एका निर्दोष औषधाचाही बळी गेला. डॉक्सिलामाइन आणि ब६ जीवनसत्त्व असलेली गोळी अमेरिकेत १९५६ पासून मिळत होती, कोट्यवधी बायकांनी ती घेतली होती. पुढे बाळांमधल्या व्यंगांचा ठपका तिच्यावर ठेवून खटल्यांमागून खटले झाले आणि कंपनीने १९८३ मध्ये ती बंद केली. ती बंद झाल्यावर जन्मजात व्यंगं कमी झाली का? नाही. उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. मग अभ्यासांवर अभ्यास झाले, त्यांत बाळाला धोका आढळला नाही, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच दोन घटकांच्या गोळीला पुन्हा मान्यता दिली. मधली तीस वर्षं तिथल्या बायकांनी जे सोसलं, त्यातलं बरंचसं सोसण्याची गरज नव्हती.

तुझ्या पाकिटावर कोणतं नाव आहे ते तू लिहिलेलं नाहीस. गरोदरपणातल्या मळमळीवर पहिली गोळी म्हणून बहुतेक डॉक्टर हीच देतात, पण अंदाजावर जाऊ नकोस. पाकीट हातात घे, घटकांची नावं वाच आणि डॉक्टरांना फोन करून विचार : ‘हे काय आहे, किती आणि कधी घ्यायचं, मला चालेल ना?’ हीच गोळी असेल तर काही गोष्टी लक्षात ठेव. तिचा असर हळूहळू सुरू होतो, म्हणून रात्री झोपताना घेतलेली गोळी सकाळच्या मळमळीवर काम करते. ती तोडायची किंवा चघळायची नाही, अख्खी गिळायची. उमाळा आला की तेवढ्यापुरती घेऊन उपयोग होत नाही, काही दिवस रोज नेमाने घ्यावी लागते. तिने झोप येते. सुरुवातीला गाडी चालवताना जप. मळमळ अगदी शून्यावर येईलच असं नाही. पण दिवसातल्या चार उलट्यांची एक झाली आणि दोन घास पोटात राहिले, तर दिवस कितीतरी सुसह्य होतो. एवढ्यावर भागलं नाही तर याहून प्रभावी औषधंही आहेत. त्यांचे फायदे-तोटे डॉक्टर तुला समजावतील. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं म्हणून कुणी काढा किंवा चूर्ण पुढे केलं तर मात्र नाही म्हण. वनस्पतींतही जोरकस द्रव्यं असतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींची गरोदर बायकांवर कधी तपासणीच झालेली नाही.

हे सगळं होतं कशामुळे, तेही ऐक, कारण तुझ्या शनिवारच्या रडण्याचं उत्तर त्यात आहे. पूर्वी डॉक्टरमंडळी ‘मनाचे खेळ’ म्हणून या मळमळीची बोळवण करायची. काहींनी तर बाईला मूल नकोसं असेल म्हणून उलट्या होतात असंही लिहून ठेवलं. याचा मला आजही संताप येतो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली आणि अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ मार्लेना फेजो यांचा त्यात मोठा वाटा होता. फेजो स्वतः या त्रासातून अतिशय वाईट रीतीने गेल्या होत्या आणि पुढे त्यांनी हाच प्रश्न लावून धरला. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आपल्या सगळ्यांच्याच रक्तात थोडंफार असतं. गर्भ रुजला की वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, ते भरपूर बनवायला लागते आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला डिवचतं. ज्या बाईच्या रक्तात ते आधीपासून कमी असतं, तिच्या शरीराला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त होतो. थोडक्यात, तुझ्या जावेला किंवा मैत्रिणीला काहीच झालं नाही आणि तुला होतंय, यात तुझ्या मनाच्या खंबीरपणाचा संबंध नाही.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या आगेमागे ती शिगेला पोचते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. काही थोड्या जणींची त्याहून लांबते. म्हणजे तू आत्ता चढावर आहेस, कदाचित अजून आठवडाभर थोडं वाढेलही. पण हा चढ सरळ रेषेत नसतो. एखादा दिवस मोकळा जातो, दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं. तुझा शनिवार हा तसलाच मोकळा दिवस होता. ज्यांना मळमळ होते त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण कमी दिसतं, हे अभ्यासांत आढळलंय, त्यामुळे घरातली माणसं म्हणतात त्यात तथ्य आहे. पण त्याची उलट बाजू खरी नाही. ज्यांना अजिबात मळमळ होत नाही अशा असंख्य बायकांची बाळं ठणठणीत जन्मतात, आणि एक दिवस बरं वाटणं ही तर कसलीच खूण नाही. तुझ्या बाळाचे ठोके दिसले आहेत, ही त्या शनिवारपेक्षा कितीतरी भरवशाची खूण आहे. पुन्हा असा दिवस आला तर तो उपभोग. नीट जेव, केस धू, झोप काढ.

पोषणाची काळजी प्रत्येकीलाच लागते. आठव्या आठवड्यात तुझं बाळ दीड सेंटिमीटरच्या आसपास आहे. बारा आठवडे पुरे झाले तरी त्याचं वजन वीस ग्रॅमच्या आतच असेल. एवढ्याशा जिवाला लागतं तरी किती? या सुरुवातीच्या काळात गर्भपिशवीच्या अस्तरातल्या ग्रंथी जे पाझरतात त्यावरही ते पोसलं जातं, आणि तुझ्या शरीराकडे साठवण आहेच. पहिल्या तिमाहीत जास्तीच्या उष्मांकांची गरजच नसते. ‘दोन जिवांचं खा’ हा आग्रह आत्ता तरी सोडून द्यायला सांग. चौरस आहार पुढच्या महिन्यांत घे. सध्या जे पोटात राहील तेच बरोबर. कितीतरी बायका आठवडाभर एकाच कोरड्या पदार्थावर निभावतात आणि त्यांची बाळं छान वाढतात.

एक गोळी मात्र चुकवू नकोस : फॉलिक अ‍ॅसिड. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, निदान बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत; काही जणींना डॉक्टर जास्त मात्रा देतात. तुला एकाच गोळीत लोह आणि बाकी जीवनसत्त्वंही दिली असतील तर मळमळीत तिचाही हात असू शकतो, कारण लोहाने पोट ढवळतं आणि शौचालाही घट्ट होतं. ‘बारा आठवड्यांपर्यंत मला नुसतं फॉलिक अ‍ॅसिड चालेल का?’ असं डॉक्टरांना विचार. रक्त कमी नसेल तर बहुधा हो म्हणतील.

खाण्याचं तंत्र मी माझ्या पेशंटकडूनच शिकले. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, गच्च भरलं तरी वाढते. या दोन्हींच्या मधे राहायचं. रात्री झोपताना उशाशी झाकणाच्या डबीत दोन साधी कोरडी बिस्किटं ठेव. सकाळी जाग आली की उठायचं नाही. डोकं उशीवरच ठेवून एक बिस्कीट अगदी हळू, तुकडा तुकडा तोंडात विरघळवत खा. मग पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहा. नंतर कुशीवर वळ, पाय खाली सोड, क्षणभर बस आणि मग उभी राहा. यासाठी गजर अर्धा तास आधीचा लावावा लागतो, आणि झोप इतकी प्रिय झालेली असताना तो जिवावर येतो, हे मला माहीत आहे. तरी चार दिवस करून बघ. दिवसभर दर दीड-दोन तासांनी मूठभर काहीतरी. गरमपेक्षा गार किंवा कोमट अन्नाला वास कमी येतो, म्हणून ते सोसतं. तेलकट आणि तिखट सध्या नको.

पाणी जेवणाबरोबर पिऊ नकोस, अर्धा तास आगेमागे घे. पेला तोंडाला लावून घटाघटा प्यायलं की ते तसंच परत येतं. घोट घोट घे, दर पाच-दहा मिनिटांनी. पाणी नकोसं झालं असेल तर बर्फाचा तुकडा चोख, थोडं लिंबू पिळून बघ, किंवा क्षार-साखरेचं पाणी घे. मला स्वतःला शेवटी बर्फानेच तारलं. आल्याने बऱ्याच जणींना खरंच फरक पडतो. दिवसभरात एक ग्रॅम सुंठीइतकं पुरे, पण छातीत जळजळत असेल तर बेतानेच. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधला बिंदू दाबल्याने काहींना बरं वाटतं. याचे पुरावे उलटसुलट आहेत, पण त्रास काहीच नाही, ऑफिसात टेबलाखालीही दाबता येतो.

दात घासण्याचं : सकाळी उठल्याबरोबर घासायलाच हवेत असं नाही. मळमळ थोडी निवळली की घास, लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश आण, पेस्ट अगदी थोडी आणि तीही बिनवासाची किंवा सौम्य वासाची. मागच्या दाढांपाशी जाताना मान पुढे झुकव आणि नाकाने श्वास सोडत राहा. उलटी झाल्यावर लगेच मात्र ब्रश लावू नकोस. पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं कवच तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून खळखळून चूळ भर, अर्ध्या तासाने दात घास. हे कुणी सांगत नाही आणि बाळंतपणानंतर दात कळायला लागले की आठवतं. हिरड्यांतून थोडं रक्त येऊ शकतं, त्याने घाबरू नकोस, दंतवैद्याला मात्र एकदा दाखव.

थकव्याकडे आळस म्हणून बघू नकोस. तुझं शरीर आत्ता वार नावाचा एक अख्खा नवा अवयव घडवतंय. रक्ताचं प्रमाण वाढायला लागलंय, हृदयाला आधीपेक्षा जास्त काम पडतंय, आणि प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक गुंगी आणतंय. पोट दिसत नाही म्हणून लोकांना हे काम दिसत नाही, एवढंच. पुढच्या तिमाहीत बहुतेकींना तरतरी परत येते. तोवर रात्री दीड तास लवकर झोप, सुट्टीच्या दिवशी दुपारी पड, आणि घरातली दोन कामं खुशाल सोडून दे. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं आहे ना, तेवढं बघ. या दोन्हींतलं काही बिघडलं असेल तर कितीही झोपलं तरी शीण जात नाही.

ऑफिसात कुणालाच सांगायचं नाही हे तुम्ही दोघांनी ठरवलं असेल. बारा आठवड्यांपर्यंत गप्प राहण्याची रीत पडली ती गर्भपाताच्या भीतीने. पण याने होतं असं की ज्या दिवसांत मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत बाई एकटी पडते. सगळ्यांना सांगू नकोस. जिच्यावर विश्वास आहे अशा एकीला सांग, किंवा तुझ्या वरिष्ठांना थेट सांग की तब्येतीचं कारण आहे, काही आठवडे दुपारी वीस मिनिटांची सुट्टी लागेल. बाथरूमच्या भिंतीला टेकून उभं राहण्यापेक्षा खुर्चीत बसून डोळे मिटणं तुझा हक्क आहे. पर्समध्ये दोन घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या, ओला रुमाल, कोरडा खाऊ आणि पाण्याची छोटी बाटली ठेव. पिशवी जवळ आहे हे माहीत असलं की प्रवासातली निम्मी धास्ती जाते.

पोट साफ न होण्याचं कारणही तेच प्रोजेस्टेरॉन. ते आतड्यांना सैल पाडतं, अन्न रेंगाळतं, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि मग खडा होतो. त्यात तुझं पाणी कमी, खाणं कोरडं. उलट्या आटोक्यात आल्या की हेही निम्मं सुटेल. कोमट पाणी, सालीसकट फळ, थोडं चालणं. कमोडवर बसताना पायाखाली लहान स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर येतील असं बस, जोर करू नकोस. इसबगोल चालतं, पण त्याबरोबर भरपूर पाणी जायलाच हवं, नाहीतर उलट जास्त घट्ट होतं. तेवढ्याने भागलं नाही तर लॅक्टुलोजचं पातळ औषध डॉक्टर देतील. जुलाबाची जालीम औषधं स्वतःच्या मनाने घेऊ नकोस.

बाकीचं थोडक्यात, कारण आज ना उद्या तू विचारशीलच. लघवीला सारखं जावं लागणं नेहमीचं. जळजळ किंवा ताप असेल तर तपासणी लगेच, कारण लघवीतला जंतुसंसर्ग या दिवसांत चटकन मूत्रपिंडापर्यंत चढतो. स्तन दुखतात, त्याला तारेशिवायची मऊ, आधार देणारी ब्रा, हवी तर रात्रीही. तोंडाला धातूसारखी चव येणं, लाळ सुटणं, हेही होतं आणि जातं. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, गरजेपुरतंच. आयबुप्रोफेन आणि त्या जातीची वेदनाशामकं नकोत. कॉफी-चहा पूर्ण सोडायची गरज नाही, दिवसभरात २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहा.

आता जे सांगते ते मात्र मनात पक्कं कर. चोवीस तास पाण्याचा घोटही पोटात ठरला नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी-तपकिरी झाली, उभं राहिलं की भोवळ येते, उलटीत रक्त दिसतं, ताप आहे, किंवा गरोदरपणाआधीच्या वजनाचा विसावा हिस्सा घटलाय, म्हणजे साठ किलोचं सत्तावन झालंय, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सकाळची वाट बघायची नाही. अशा तीव्र उलट्यांचा त्रास शंभरात जेमतेम एक-दोघींना होतो, पण ज्यांना होतो त्यांना सलाईन आणि ब१ जीवनसत्त्व मिळालं की बहुधा दिवसभरात माणसात आल्यासारखं वाटतं. तसंच ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, ग्लानी येणं किंवा जोराचा रक्तस्राव : लगेच. नुसता थोडा डाग दिसला तरी डॉक्टरांना कळवायचं, पण हातपाय गाळायचे नाहीत. चारातल्या एकीला पहिल्या तिमाहीत थोडंफार अंगावर जातं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं गरोदरपण पुढे सुरळीत चालतं. आणि जिना चढल्याने, ऑफिसला गेल्याने, रडल्याने गर्भपात होत नाही. तो झालाच तर बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतो, त्यात बाईची चूक नसते.

आनंदाबद्दल तू जे लिहिलंस ते लिहायला धैर्य लागतं. जिला सकाळपासून रात्रीपर्यंत ओकाऱ्या येतात तिला आनंद कुठून सुचणार? सततची मळमळ माणसाला आतून पोखरते. त्या दिवसांत मला माझ्या पोटातल्या जिवाबद्दल काहीच वाटत नव्हतं, फक्त हे संपू दे एवढंच वाटत होतं. तीच मुलगी आज माझ्यापेक्षा उंच आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. प्रेम तेव्हा आलं नाही म्हणून पुढे अडलं नाही. तरीही एक बघ : दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर ते मळमळीच्या खात्यावर टाकू नकोस. डॉक्टरांना तेही तितक्याच स्पष्टपणे सांग, त्यावरही उपचार आहेत. आणि स्वतःला इजा करावीशी वाटली तर त्या क्षणी जवळच्या माणसाला हाक मार, एकटी राहू नकोस.

पुढच्या भेटीला जाताना एका चिठ्ठीवर लिहून ने : दिवसाला किती उलट्या, किती तास मळमळ, वजन किती, लघवी किती वेळा. ‘खूप त्रास होतो’ म्हटलं की कानाआड होतं, आकडे झाले की ऐकावंच लागतं. तरीही कुणी ‘होतंच सगळ्यांना’ म्हणून उडवून लावलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. मी गेले नाही, तू जा.

नवरा विचारतो ना, मी काय करू? हा परिच्छेद त्याला वाचायला दे. तिला ‘काय खाशील?’ असं विचारू नकोस, खाण्याचा विचारच तिला नको असतो. छोट्या ताटलीत दोन घास आणून जवळ ठेव आणि निघून जा. उरलं तर न बोलता उचल. स्वयंपाक तू कर, खिडकी उघडी ठेवून आणि तिच्या खोलीचं दार लावून. रात्री उशाशी बिस्किटांची डबी आणि पाणी तू ठेव. तिने दिवसभरात किती प्यायलं, लघवीला कधी गेली, यावर तुझं लक्ष असू दे. तिचं स्वतःचं भान या दिवसांत सुटतं, माझं सुटलं होतं. डॉक्टरांकडे बरोबर जा आणि गोळीचे प्रश्न तू विचार. घरात कुणी ‘आमच्या वेळी आम्ही सगळं करायचो’ म्हणालं तर उत्तर तू दे, तिला द्यायला लावू नकोस. आणि तो साबण आजच बदल. बिनवासाचा मिळतो.

तुझी,
डॉक्टर ताई